ओरिगामी, वय वर्षं दहाच्या पुढे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आणि दिवाळीच्या आधी मी दहा ते पंधरा वयाच्या मुलांचे ओरिगामीचे वर्ग घेते. पालक फोनवर आणि मुलं वर्गात फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही मुलांचे. कोणता कोणाचा हे वाचताना कळेलच.

होडी, विमान, कुत्र्याचं तोंड सगळं येतं. आता पुढे काय?

इथेच बहुतेक मुलं ओरिगामी सोडतात. साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी करून झाली की ‘हे बारक्या पोरांचं’ असं वाटायला लागतं. मग यूट्यूबवर अडीच तासांचा ड्रॅगन सापडतो, तो चाळिसाव्या मिनिटाला फाटतो आणि रंगीत कागदांचं पाकीट कपाटात जातं ते जातंच.

माझं मत असं: दहाच्या पुढच्या मुलाने पहिल्यांदा मॉड्युलर ओरिगामी करावी. म्हणजे एकच सोपा तुकडा पुन्हा पुन्हा करायचा आणि सगळे तुकडे डिंकाशिवाय एकमेकांत अडकवून मोठी वस्तू उभी करायची. पुष्कळ जण आधी बगळा शिकवतात. बगळ्यात एकच संधी असते. सुरुवातीची घडी दोन मिलिमीटर सरकली की चोच वाकडी, आणि ती वाकडी चोच शेवटी समोर दिसते. तुकड्यांच्या चेंडूत पहिले चार तुकडे गबाळे होतात, दहावा बरा होतो, विसावा सुरेख होतो, आणि गबाळे चार कुठे बसले ते तुमच्याशिवाय कोणाला कळतही नाही. शिवाय या वयाच्या मुलांना ‘तीस केले!’ हे सांगण्यात जी मजा येते, ती ‘एक केला’ यात नाही.

कागद कोणता आणायचा?

सरावाला साधा झेरॉक्सचा ए-फोर. तो बहुतेक ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन) असतो, घडी धरतो, दोन-तीनदा उलगडला तरी फाटत नाही. मॉड्युलर कामाला तर तो महागड्या कागदापेक्षाही बरा, कारण जरा जाड असल्याने तुकडे एकमेकांना घट्ट धरतात.

शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला लागणारा घोटीव कागद एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरा असतो. बगळ्याला छान, पण घडीवर रंग उडून पांढरी रेघ दिसते. पतंगाचा कागद फार पातळ; लहान कीटक वगैरे करायला चालेल, तीस तुकड्यांच्या चेंडूला नाही. कार्डशीट अजिबात नको. त्याची घडी होत नाही, तो मोडतो.

‘ओरिगामी पेपर’ असं लिहिलेली पाकिटं मिळतात, बहुतेक १५ सेंमीची. घेण्यापूर्वी एक करा. एका कागदाची कर्णावर घडी घाला आणि कडा जुळतात का पाहा. एकदा मी घाईत एका दुकानातून वर्गासाठी वीस पाकिटं उचलली. १५ सेंमी लिहिलं होतं, एक बाजू होती १४.८. दोन मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण सकाळभर बारा मुलं ‘ताई, माझंच का जुळत नाही?’ म्हणत होती आणि मी त्यांनाच ‘नीट घाल, नीट घाल’ म्हणत होते. दुपारी पट्टी लावून पाहिलं तेव्हा लाज वाटली.

चौकोन घरी कापला तर चालेल का?

चालेल, पण कात्रीने नको. कात्री लांब रेघेत हमखास भरकटते. घडी घालून, नखाने दाबून, कागद उलटसुलट दोनदा दुमडून स्टीलच्या पट्टीच्या कडेने फाडा किंवा मोठ्यांनी कटरने कापा. तुकडे शंभराच्या घरात लागणार असतील तर सरळ बाइंडिंगवाल्याकडे जा. तो गठ्ठा एका दाबात कापून देतो आणि सगळे सारखे निघतात.

हिशेब सांगते. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. त्यातून साडेदहा सेंमीचे चार चौकोन निघतात आणि खाली ८.७ सेंमीची पट्टी उरते. म्हणजे तीस तुकड्यांना आठ कागद, वर दोन चौकोन चुकण्यासाठी. उरलेल्या पट्ट्या टाकू नका, पुढे एका प्रश्नात लागणार आहेत.

तो तुकडा कसा करायचा, नीट सांगाल का?

याला सोनोबे म्हणतात, मित्सुनोबु सोनोबे या जपानी माणसाच्या नावावरून. वाचताना हातात चौकोन घ्या, नुसतं वाचून डोक्यात शिरणार नाही.

चौकोन मधोमध उभा दुमडा आणि उघडा. आता डावी आणि उजवी कड त्या मधल्या रेघेवर आणा, कपाटाची दारं लावल्यासारखी. दाबा, उघडा. कागदावर तीन उभ्या रेघा दिसतील.

वरचा उजवा कोपरा जवळच्या रेघेवर दुमडा, छोटा त्रिकोण होईल. तसाच खालचा डावा कोपरा त्याच्या जवळच्या रेघेवर. समोरासमोरचे दोनच कोपरे, चारही नाही. आणि तीसच्या तीस तुकड्यांत हेच दोन. एका तुकड्यात चुकून वरचा डावा दुमडलात तर तो आरशातला तुकडा होतो आणि बाकीच्यांत कधीच बसत नाही. वर्गातल्या दहा तक्रारींपैकी नऊ या एका चुकीच्या असतात.

त्रिकोण तसेच ठेवून दोन्ही दारं पुन्हा लावा. उभा आयत मिळाला. आता ज्या कोपऱ्यांना त्रिकोण केले नव्हते, ते दोन. खालचा उजवा कोपरा वर डाव्या कडेपर्यंत न्या. घडी डाव्या दाराच्या तिरक्या कडेच्या रेषेतच येते, वेगळं मोजायला लागत नाही. वरचा डावा कोपरा तसाच खाली उजव्या कडेपर्यंत. दोन्ही घड्या दाबा, मग त्या टोकांना दारांच्या आत सरकवा. बाजूंनी झुकलेला समांतरभुज चौकोन हातात येतो, मधे तिरकी रेघ, सगळं बंद.

उलटा करा. दोन अणकुचीदार टोकं आहेत. प्रत्येक टोक त्याच्या तिरक्या बाजूच्या दुसऱ्या कोपऱ्यावर आणून दुमडा. मधे नेमका चौरस उरतो. शेवटी तो चौरस कर्णावर अर्धा दुमडा, असा की दोन्ही टोकं त्या कर्णाच्या दोन बाजूंना राहतील आणि खिशांची बाजू बाहेर राहील. सोडलं की तुकडा अर्धवट उघडा, छपरासारखा उभा राहतो. झाला.

पहिल्याला दहा मिनिटं लागतात. पंधराव्याला दोन.

जोडायचे कसे?

प्रत्येक तुकड्याला दोन टोकं आणि दोन खिसे. एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात. तीन तुकडे गोलाकार असे अडकवले की तीन बाजूंचा छोटा मनोरा उभा राहतो. सगळं बांधकाम या मनोऱ्यांचं.

आधी तीनच तुकडे घेऊन खालची उरलेली टोकंही एकमेकांत खोचा, बंद खडा तयार होतो. सहांचा ठोकळा होतो. बारांचा आठ मनोऱ्यांचा तारा होतो, त्यात कुठेही पाहिलं तरी एका बिंदूभोवती चार मनोरे. तीसांच्या चेंडूत एका बिंदूभोवती पाच मनोरे, असे एकूण वीस. तेव्हा जोडताना मनात एकच घोकायचं: ‘तीनचा मनोरा, पाचांचं फूल.’ चार मनोऱ्यांवरच फूल बंद केलंत तर चेंडू अकाली मिटतो.

तीन रंगांचे दहा-दहा तुकडे घेतले तर प्रत्येक मनोऱ्यात तिन्ही रंग येतील अशी रचना जमते. ती कशी, ते मी सांगत नाही. आठवी-नववीच्या मुलांना हे कोडं एक संध्याकाळ पुरतं. साडेदहा सेंमीच्या चौकोनांचा चेंडू साधारण बारा सेंमी व्यासाचा होतो, हातात धरायला मोसंब्यापेक्षा थोडा मोठा.

शेवटचे तुकडे बसवताना सगळं सुटतं. डिंक लावू का?

अठ्ठाविसाव्या तुकड्याला चेंडू सुटणं हा जवळजवळ विधीच आहे. आधी दोन गोष्टी करा. सुरुवातीपासून केसांच्या बारीक क्लिपा किंवा कागदाच्या क्लिपा लावून मनोरे धरून ठेवा, चेंडू पुरा झाला की काढा. आणि शेवटचं टोक आत जात नसेल तर बोथट पेन्सिलीने किंवा आइस्क्रीमच्या चपट्या काडीने सरकवा. तरीही सैलच राहिला तर घड्या नखाने पुरेशा दाबलेल्या नाहीत एवढाच अर्थ. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबून बघा, फरक लगेच कळतो.

डिंक लावला म्हणून कोणी फासावर देणार नाही. गणपतीच्या आराशीत टांगायचा असेल तर मीही एखादा थेंब लावते. पण शिकताना नको, कारण डिंक लावलेला तुकडा उलगडून चूक शोधता येत नाही.

कापणं म्हणजे फसवणूक का?

आजच्या ओरिगामीत सहसा एकच चौकोन घेतात, आणि त्याला काप नाही, डिंक नाही. कापून करतात त्याला किरिगामी म्हणतात. पण हा नियम तितका जुना नाही. १७९७ मध्ये जपानात हजार बगळ्यांच्या घड्यांवर एक पुस्तक छापलं गेलं, त्यात एकाच कागदाला कापे देऊन एकमेकांना जोडलेले बगळ्यांचे थवे आहेत. तेव्हा सोवळं फार पाळू नका. फक्त आपण काय करतोय ते माहीत असावं.

बगळा नेमका एकाच जागी अडतो. का?

जागा मला माहीत आहे. चौकोनी पाया (कागद मिटून होणारा छोटा चौकोन, बगळ्याची पहिली पायरी) झाला, दोन्ही कडा मधे आणल्या, वरचा त्रिकोण खाली दुमडला, सगळं उघडलं, आणि आता ‘पाकळी’ वर उचलायची. तिथे कागद फुगतो, चुरगळतो, मूल वर बघतं.

कारणं दोन. पहिलं, पायाचं बंद टोक खाली धरलेलं असतं. चारही कोपरे जिथे एकत्र येतात ते उघडं टोक तुमच्या पोटाकडे हवं. दुसरं, त्या तीन घड्या एकाच बाजूला घातलेल्या असतात, आणि पाकळी उचलताना कागदाला त्यातल्या दोन उलट्या दिशेने मोडायच्या असतात. म्हणून त्या तिन्ही घड्या आधी पुढे आणि मग मागे, अशा दोन्ही बाजूंनी दाबून घ्या. मग फक्त वरचा एकच पदर टोकाला धरून हळू वर न्या, आडव्या घडीपाशी दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. बाजूच्या कडा आपोआप आत येऊ लागतात. येत नसतील तर हलकी फुंकर मारा. खरंच मारा, विनोद नाही.

मानेची आणि शेपटीची घडी आत उलटवायची असते, म्हणजे टोक दोन पदरांच्या मधून वर काढायचं. छत्री उलटी होते तसं.

हजार बगळ्यांची गोष्ट खरी आहे का?

मुलगी खरी आहे. सादाको सासाकी. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. जखम दिसत नव्हती. १९५५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बाराव्या वर्षी ती गेली. हजार बगळे केले की इच्छा पुरी होते अशी जपानी समजूत, म्हणून ती दवाखान्यात औषधाच्या वेष्टनांचेसुद्धा बगळे करत होती. हजार व्हायच्या आतच ती गेली असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तिच्या भावाने मात्र ते हजाराच्या पुढे गेले होते असं सांगितलं आहे. वर्गमित्रांनी पैसे उभे केले आणि १९५८ मध्ये हिरोशिमाच्या शांतता उद्यानात मुलांचं स्मारक उभं राहिलं. तिथे आजही जगभरातून कागदी बगळ्यांच्या माळा येतात.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगावी. ती आपल्याच वयाची होती हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता होते, ती मोडायची घाई मी करत नाही.

व्हिडिओ बघून करायचं की आकृत्यांवरून?

पहिले पाच-सहा नमुने व्हिडिओवरून चालतील. नंतर आकृत्या वाचायला शिकवाच. व्हिडिओत मूल दुसऱ्याच्या बोटांची नक्कल करतं, आकृतीत त्याला पुढची पायरी स्वतः बघावी लागते. आणि मोबाइल थांबवायला चिकट बोटं, मागे न्यायला चिकट बोटं, मधेच जाहिरात. त्यात अर्धा जीव जातो.

आकृत्यांची भाषा जगभर एकच आहे. तुटक रेघ म्हणजे घडी आपल्याकडे, तिला व्हॅली फोल्ड म्हणतात, आम्ही वर्गात ‘दरी’ म्हणतो. रेघ-टिंब-रेघ म्हणजे घडी मागे, ती ‘डोंगर’. बाण दिशा दाखवतात. या खुणांचा पाया अकिरा योशिझावा यांनी घातला आणि १९५४ च्या त्यांच्या पुस्तकातून त्या पसरल्या. पुढे १९६० च्या दशकात सॅम्युअल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन यांनी त्यात भर घातली. म्हणून जपानी अक्षर न वाचता जपानी पुस्तकातून घड्या करता येतात. मुलांना हे कळलं की ती चकित होतात, गुप्त लिपी सापडल्यासारखी.

मराठीतून हवं असेल तर खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर कागदाच्या खेळांसह पुष्कळ पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

याचा गणितात काही उपयोग होतो, की नुसता टाइमपास?

टाइमपास असला तरी मला चालतो. पण हा प्रश्न विचारणाऱ्या बाबांसाठी चार गोष्टी, आज रात्री जेवणानंतर करून बघा.

ए-फोर घ्या. आखूड कड लांब कडेवर आणून कर्णाची घडी घाला. आता दुसरा ए-फोर घेऊन त्याची लांब कड या तिरक्या घडीला लावा. तंतोतंत जुळते. कारण ए-फोरच्या बाजूंचं गुणोत्तर एकास वर्गमूळ दोन आहे, आणि २१ सेंमीच्या चौरसाचा कर्ण २९.७ सेंमी भरतो. आठवीत वर्गमूळ दोनची अपरिमेय संख्या म्हणून ओळख होते, इथे ती बोटाखाली लागते.

दुसरी. चौकोनाचे तीन समान भाग पट्टीशिवाय करा. मुलं अंदाजाने गुंडाळतात, जमत नाही. काझुओ हागा या जपानी शास्त्रज्ञांची युक्ती अशी: वरच्या कडेचा मध्य खूण करा. खालचा उजवा कोपरा त्या खुणेवर आणा. कागदाची खालची कड आता तिरकी होऊन डाव्या कडेला एका ठिकाणी कापते. ते ठिकाण तळापासून बरोबर एक तृतीयांश उंचीवर असतं. आणि वर उजवीकडे जो छोटा त्रिकोण दिसतो त्याच्या बाजू तीन, चार, पाच या प्रमाणात. पायथागोरसचा सगळ्यांत लाडका त्रिकोण एका घडीत. का होतं ते नववीचं मूल सिद्ध करू शकतं, करू द्या.

तिसरी. पुरा झालेला चौकोनी पाया उलगडा आणि मधल्या बिंदूपाशी, शेवटच्या आकारात खरोखर वापरात आलेल्या घड्या मोजा. चार एका जातीच्या, दोन दुसऱ्या. फरक दोन. बगळा उलगडून आतला कोणताही बिंदू घ्या, सपाट मिटलेल्या घडीत दरी आणि डोंगर यांच्या संख्येत नेहमी दोनाचाच फरक. याला माएकावाचा नियम म्हणतात. नुसत्या खुणेसाठी घातलेल्या घड्या मोजल्या तर उत्तर चुकतं, तिथे मुलांचं भांडण होतं आणि ते भांडण फार चांगलं असतं.

चौथी गोष्ट कृतीची नाही. कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं एक गाजलेलं पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला निघालं. लेखक टी. सुंदर राव, महसूल खात्यातले अधिकारी. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि मग ते अमेरिकेतही छापलं गेलं. ओरिगामी म्हणजे सगळं जपानहून आलेलं असं आपण धरून चालतो, म्हणून सांगितलं.

कागद सातपेक्षा जास्त वेळा अर्धा दुमडत नाही, खरं का?

साध्या कागदाला साधारण खरं. दर घडीला जाडी दुप्पट होते. ०.१ मिलिमीटरचा कागद दहा घड्यांनंतर दहा सेंमी जाड, विटेपेक्षा जाडच. पण हा निसर्गाचा नियम नाही. ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकन शाळकरी मुलीने २००२ मध्ये खूप लांब टॉयलेट पेपर घेऊन बारा घड्या घालून दाखवल्या, आणि किती घड्यांना किती लांबी लागते याचं सूत्रही मांडलं.

मुलाला शास्त्रज्ञ व्हायचंय, त्याला हे पोरखेळ वाटतं.

त्याला मिउरा घडी द्या. कोर्यो मिउरा या जपानी अंतराळ-अभियंत्याची ही घडी तिरक्या नागमोडी रेघांची असते. समोरासमोरचे दोन कोपरे ओढले की पूर्ण कागद एका झटक्यात उघडतो, ढकलले की मिटतो. १९९५ मध्ये जपानने सोडलेल्या उपग्रहात सौर पटल या पद्धतीने मिटवून नेलं होतं. ए-फोरवर ही घडी करायला तासभर लागतो आणि पहिल्यांदा ‘खच्’ करून मिटते तेव्हा पोरखेळ म्हणणारा मुलगा ती पंचवीस वेळा उघड-मीट करतो. मोजलंय मी.

दुसरं उदाहरण फोल्डस्कोपचं. मूळचे मेरठचे मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात घडीचा, कागदी सूक्ष्मदर्शक तयार केला आणि २०१४ मध्ये जगापुढे मांडला. सुट्या भागांचा खर्च एक डॉलरपेक्षाही कमी. आता तो भारतातही मिळतो. कांद्याच्या पापुद्र्यापासून सुरुवात करा.

त्या उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं?

फ्लेक्सागॉन! १९३९ मध्ये आर्थर स्टोन हा इंग्रज विद्यार्थी अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकायला गेला. तिथले कागद त्याच्या इंग्लंडच्या फायलीत मावेनात, म्हणून तो कडेची पट्टी कापून टाकायचा. त्या पट्ट्या हाताशी होत्या, चाळा म्हणून दुमडता दुमडता त्याला हे खेळणं सापडलं. त्याच्या मित्रांत रिचर्ड फाइनमनही होता, पुढे नोबेल मिळवणारा.

ए-फोरमधून उरलेली ८.७ सेंमीची पट्टी लांबीच्या दिशेने मधोमध कापा. एक पट्टी पुरत नाही, दोन जोडून लांब करा. टोकाला ६० अंशांची घडी घालून पुढे-मागे दुमडत समभुज त्रिकोण पाडा, सलग दहा हवेत. मग दर तीन त्रिकोणांनंतर पट्टी एकाच दिशेने मागे वळवायची. षटकोन होतो, आणि उरलेला दहावा त्रिकोण पहिल्याच्या पाठीला चिकटवायचा. इथे डिंक चालतो. आता षटकोनाचे तीन कोपरे चिमटीत धरून मधून उघडा, आतून नवाच चेहरा बाहेर येतो. असे तीन चेहरे. त्यांवर मुलं फुलपाखराचं अंडं-अळी-कोष काढतात, पावसाचं चक्र काढतात. एकीने तिच्या आईचे तीन मूड काढले होते.

गणपतीला किंवा दिवाळीला काही करता येईल का?

महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरासाठी कागदाची चौकशी फार वाढली. मखरासाठी मुलांना मिउरा घडीच्या मोठ्या शीट्स करायला द्या. मागे पडद्यासारख्या लावल्या की उजेडात सावल्या सुंदर पडतात. आठवडाभर आधी सुरू करा, आदल्या रात्री नाही.

दिवाळीला सोनोबेचाच आकाशकंदील. ट्रेसिंग पेपरचे २१ सेंमीचे तीस चौकोन, चेंडू होतो जवळजवळ २४ सेंमीचा. शेवटचा तुकडा बसवण्याआधी दोरी आणि एलईडीचा छोटा दिवा आत सोडा. पणती किंवा जुना पिवळा गरम बल्ब आत ठेवू नका, कागद आहे तो. आणि हा कंदील गॅलरीच्या आतल्या बाजूला लावा. परतीच्या पावसाची एक सर आली तर बांबूच्या काड्यांचा कंदील तग धरतो, हा नाही.

मी मदत करू का?

कागद मुलाच्या हातातून घेऊ नका. हवं तर स्वतःचा वेगळा कागद घेऊन शेजारी बसा आणि बरोबर चुका. ‘आण इकडे, मी करून देते’ म्हणून आईने सरळ केलेला बगळा मूल घरी नेत नाही, वर्गातच ठेवून जातं. असे सहा-सात माझ्या खिडकीत आहेत.

डावखुऱ्या मुलाला अडचण येते का?

नाही. आकृती आरशात बघितल्यासारखी केली तरी वस्तू तीच होते. फक्त मॉड्युलरमध्ये सगळे तुकडे एकाच हाताचे हवेत. डावखुऱ्या मुलाचे पंधरा आणि उजव्या मुलाचे पंधरा एकत्र करून बघितलेत आम्ही, पूर्ण शनिवार वाया गेला.

ड्रॅगन कधी?

बगळा न बघता करता आला, आत उलटवायची घडी हसतखेळत जमली, आणि मूल स्वतःहून चूक उलगडून मागच्या पायरीला जाऊ लागलं की. कोणाचं ते सहा महिन्यांत होतं, कोणाचं दोन वर्षांत. ड्रॅगनला कागद किमान ३५ सेंमीचा आणि पातळ घ्या. आमच्याकडे खाकी वेष्टनाचा कागद वापरतात, स्वस्त आणि चिवट.

झालेल्या वस्तू ठेवायच्या कुठे?

उन्हात रंग उडतो, तेव्हा खिडकीत नको. माझे खिडकीतले बगळे आता सगळे एकाच रंगाचे झालेत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा उत्तम. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा सुका पाला कापडात बांधून टाका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद दमट होऊन मऊ पडतो आणि सोनोबेचे चेंडू आपोआप सुटतात. चेंडू सुटला तर तुकडे फेकू नका, घड्या शाबूत असतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुन्हा जोडा, या वेळी अर्धा तास पुरतो.